रांगेचा दरोगा

बोरखेडीच्या फाट्यावर पंचशीला सोनकांबळेचं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार बल्ल्यांवर पत्रा, पंक्चर बघायची पाण्याची परात आणि पान्ह्यांची पेटी. नवरा व्यंकटी गेला तेव्हा लोकांना वाटलं, आता ही कुलूप लावून लातूरला बांधकामावर जाईल. जिल्हा नवा झालेला, तिथं कचेऱ्या उठत होत्या आणि हाताला काम होतं. पण तिनं सातव्या दिवशी परातीत पाणी ओतलं आणि ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायला बसली.

तिच्या सोबतीला दरोगा होता. कान फाटलेला, तोंडावरचे केस पिकलेले, दहा वर्षांचा कुत्रा. त्याची फौजदारासारखी नजर बघून व्यंकटीनंच हे नाव ठेवलं होतं. तो कुणाच्या हातून भाकरी खायचा नाही. त्याच्या पोचे आलेल्या जर्मनच्या ताटलीत वाढली तरच खायचा, तीही वाढणाऱ्यानं पाठ फिरवल्यावर. दुरुस्तीच्या सायकली आल्या तशा ओळीनं उभ्या राहायच्या. पंचशीलानं हात लावण्याआधी कुणी आपली सायकल पुढं ओढली, तर दरोगा उठून चाकासमोर आडवा बसायचा.

शहाऐंशीच्या दुष्काळात विहिरी आटल्या. दर तिसऱ्या दिवशी भर दुपारी टँकर यायचा. लोक सकाळीच घागरी मांडून सावलीला बसत. पंचशीला घागर ठेवून दुकानात परते, आणि दरोगा तिथंच बसून राही. आठ दिवसांत त्यानं ती अख्खी रांग आपली मानली. कुणी घागर पुढं सरकवली की गुरगुरायचा. पूर्वी पंचशीलाच्या वस्तीच्या घागरी आपोआप शेवटी ढकलल्या जायच्या. दरोगाला वस्ती कळत नव्हती, रांग कळत होती.

एका दुपारी नरसिंगराव बैलगाडीत दोन पिंपं घालून आले. गावातलं वजनदार माणूस. त्यांनी पिंपं थेट पुढं लावली. दरोगा जाऊन पिंपासमोर उभा राहिला. तेवढ्यात टँकर मागं येऊ लागला. सगळे बाजूला झाले, तो हटला नाही. मागचं चाक त्याची कमर चेपून गेलं.

पंचशीलानं त्याला गोणपाटात गुंडाळलं आणि मालट्रक थांबवून लातूर गाठलं. जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं.

"कमरेखालचं गेलं, बाई. जखम भरेल, पाय येणार नाहीत. वयही झालंय. सुई देऊन मोकळा करू का?"

"दुखत राहील का त्याला?"

"जखम भरल्यावर नाही दुखणार."

"मग कशाला मारायचं, साहेब? माझ्याकडं डोळे वटारून बघून राहिलाय तो."

डॉक्टर हसले आणि त्यांनी मलमाची डबी दिली.

महिनाभर ती त्याला उचलून उन्हातून सावलीत नेत होती. दरोगाला ते आवडत नव्हतं. कुणी कीव करून जवळ आलं की तो तोंड फिरवायचा. जखम भरली तशी पंचशीलानं जुनं कॅरियर कापलं, भंगारातल्या लहान पोराच्या तीनचाकीची चाकं बसवली आणि ट्यूबचे पट्टे विणून मधे झोळी केली. शेजारची सिद्धम्मा अव्वा काठी टेकत बघायला आली.

"पंचशीले, हा तर पांगुळगाडा केलास की ग."

"हाव अव्वा. म्हाताऱ्याला चालाया शिकवायचंय."

पहिल्यांदा गाडा उलटला. दुसऱ्यांदा त्यानं पट्टा चावून तोडला. तिनं चाकं रुंद बसवली, पट्टा दुहेरी केला. मग तो चालेना. गूळ दाखवला, हाक मारली, लाडीगोडी केली. तो दगडासारखा उभा. चौथ्या दिवशी टँकरची वेळ झाली. तिनं घागर उचलली आणि म्हणाली, "बस इथंच. मी चालले."

टँकर येऊन थांबला होता आणि नरसिंगरावांची पिंपं आज पुन्हा पुढं होती. पंचशीला आपल्या नंबरावर घागर ठेवत होती, तोच मागून चाकांची खडखड आली. सगळ्यांनी वळून पाहिलं. धूळ उडवत, मान ताठ करून दरोगा येत होता. एका खड्ड्यात गाडा अडकला. पंचशीला धावली नाही. त्यानं पुढचे पाय रोवले, हिसका दिला आणि बाहेर निघाला. रांगेच्या कडेनं एकेक घागर हुंगत तो पुढं गेला आणि पिंपासमोर उभा राहिला.

"लंगडं झालं तरी खोड जाईना," नरसिंगराव हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

सिद्धम्मा अव्वा रांगेतून उठली. सत्तरीची बाई, वाकलेली. आपली घागर उचलून तिनं दरोगाच्या शेजारी ठेवली.

"नरसिंगराव, पिंपं मागं घ्या. त्याचे पाय ह्याच रांगंपायी गेले. आमचे तर धड हायत."

मागून दुसरी बाई उठली, मग तिसरी. बघता बघता अख्खी रांग कुत्र्याभोवती उभी राहिली. टँकरवाल्यानं नळी हातात धरली, पण तोटी सोडली नाही. म्हणाला, "नंबर लावा, मगच पाणी सोडतो."

नरसिंगरावांनी थोडा वेळ इकडंतिकडं पाहिलं. मग पिंपं स्वतःच्या हातानं लोटत शेवटाला नेली. त्या दिवशी पंचशीलाची घागर तिच्या नंबरावर, काठोकाठ भरली. पाऊस येईपर्यंत रांग कधी मोडली नाही.

दरोगा त्यानंतर अडीच वर्षं जगला. तीन वेळा चाकं झिजवली.

त्याची गोष्ट एसटीच्या वाहकांनी अहमदपूरपासून पार नांदेडपर्यंत नेली. लोक लुळी शेळी, गाडीखाली सापडलेलं कुत्रं घेऊन फाट्यावर उतरू लागले. पंचशीला दोरीनं माप घ्यायची, जनावराशी बोलायची, आणि मालकाला सांगायची, "हाका मारू नका. त्याला जायचं असंल तिकडं जाऊ द्या."

एकदा किनवटहून एक मास्तर टोपलीत कुत्री घेऊन आले. चार महिने ती जागची हलली नव्हती. पंचशीलानं पट्टा आवळला आणि हात काढला. कुत्री क्षणभर थरथरली आणि सडकेनं सुटली. मास्तर धोतर सावरत मागं धावले. बाभळींपर्यंत दोघं दिसत होते. पंचशीला परातीपाशी उभी राहून पोट धरून हसत होती.