मोटारीतला गुलाल

शिरोलीत माझं छोटं वर्कशॉप आहे. जळालेल्या मोटारींत तांब्याची तार नव्यानं भरून देतो. विहिरीवरच्या, पिठाच्या गिरणीतल्या ढीगभर उघडल्या, पण गोल्फ कार्टला कधी हात लावला नव्हता. आमच्याकडं गोल्फ खेळतंय कोण? पण हातकणंगल्याजवळच्या एका मंगल कार्यालयानं तसली बॅटरीची गाडी घेतली होती, म्हाताऱ्या पाहुण्यांना फाटकापासून हॉलपर्यंत आणायला. भाचीच्या लग्नाला आम्ही ते कार्यालय धरलं, ते त्या गाडीपायीच.

कारण आमची अक्का. माझ्या या थोरल्या बहिणीचे गुडघे पार गेलेले. "पोरीला घालवायला फाटकापातूर मी जाणार. पर चाकाच्या खुर्चीत बसवून ढकलत न्हेलासा तर याद राखा," असा तिचा दम.

आणि लग्नाच्या आदल्या दिवशी गाडी बंद!

"आपोआप बंद पडली बघा, पावणं," ड्रायव्हर म्हणाला. आपोआप म्हटलं की माझं टाळकं सरकतं. मागची चाकं जॅकवर उचलली. बॅटऱ्या ठणठणीत होत्या. पॅडल दाबलं की रिले टक् करायचा, पुढं मोटार ढिम्म. मीटर लावला. बाहेरची गुंडाळी चांगली, पण आतल्या फिरणाऱ्या आर्मेचरकडून काहीच उत्तर येईना. ते जळालं असेल तर उद्याचं काही खरं नव्हतं. अक्काचं तोंड डोळ्यांपुढं आलं.

झाकण काढलं. आत सगळं गुलाबी.

"निवडून कोण आलं?" मी विचारलं.

"मीच की," तो मान खाली घालून म्हणाला. "ग्रामपंचायतीला."

पठ्ठ्यानं विजयाची मिरवणूक याच गाडीतनं काढली होती, आणि मालकाला कळू नये म्हणून नंतर पाइप लावून धुतली होती. आत शिरलेल्या गुलालाचा चिखल झाला, तो वाळला, आणि कार्बनचे ब्रश त्यात अडकून आर्मेचरला टेकेनासे झाले. शिव्या घालायला तोंड उघडलं, आणि हसूच फुटलं.

ब्रश मोकळे केले, ब्लोअर मारला, आर्मेचरवरचं तांबं पॉलिश पेपरनं उजळलं. मग एकच बारा व्होल्टची बॅटरी जोडून बघितली. मोटार गरकन फिरली आणि उरलासुरला गुलाल आम्हा दोघांच्या तोंडावर!

"मेंबर, दुसऱ्यांदा निवडून आलासा," मी म्हणालो. आनंदानं मला नाचावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पाठवणीला अक्का लेकीचा हात धरून मागच्या सीटवर बसली, मी पुढं मेंबरच्या शेजारी. फाटकात जावई सजवलेल्या कारचं दार उघडून उभा होता. गाडी तिथं पोचली, तशी अक्का ओरडली, "मेंबर, वळवा! आनी एक फेरी!"

रडणारी भाची खुदकन हसली. एक फेरी झाली, दुसरी झाली. जावई बिचारा दार धरून तसाच. तिसऱ्या वेळी मेंबरनं वळण घेताना मला हळूच विचारलं, "मोटार तापंल न्हवं?"

"तापू द्या," मी म्हणालो. "जळली तर परत भरून देतो."