बेरीज नऊ यायला हवी

गणितातलं सत्य विश्वाच्या अंतापर्यंत टिकतं. चेन्नईच्या गिंडी भागातल्या एका कंपनीत मात्र त्याला मंगळवारी साडेचारपर्यंत बसवून ठेवलं होतं. तीन ते साडेचार राहुकाळ होता, आणि माझ्या रिपोर्टचं पाकीट त्या वेळात उघडायला एमडी तयार नव्हते.

कंपनी कारखान्यांच्या दारांसाठी इलेक्ट्रॉनिक कुलपं बनवते. अशा कुलपाची चावी म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्या, एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या. त्यांचा गुणाकार जगजाहीर असला तरी चालतो, कारण त्यावरून त्या दोन शोधून काढणं जवळजवळ अशक्य. पण दोनपैकी एक जरी कोणाला कळली, तरी कुलूप उघडलंच समजा.

यातली एक संख्या एमडींनी स्वतः दिली होती. तीनशे आकडी, अंकशास्त्रवाल्या स्वामींकडून आणलेली. सुमतीचा प्रोग्राम ती दर वेळी नाकारत होता. सुमती तिथली प्रोग्रामर, तंजावरकडची मराठी मुलगी, प्रोबेशनवर. प्रोग्राम सदोष आहे का, एवढंच तपासायला मला बोलावलं होतं. सदोष ठरला तर शुक्रवारी तिला घरी जायचं होतं.

"मी सांगून पाहिलं, सर," ती हळूच म्हणाली. "स्वामींचा अनुभव तीस वर्षांचा, तुझा सहा महिन्यांचा, एमडी म्हणाले."

साडेचार वाजून एक मिनिटाने पाकीट उघडलं.

"प्रोग्राम बरोबर आहे," मी म्हणालो. "संख्या मूळ नाही. नवाने भाग जातो."

"तीनशे आकडे आहेत, सर. एवढ्यात भागून झालं?" एमडींनी विचारलं.

"भागलं नाही. बेरीज केली."

संख्येतल्या अंकांची बेरीज करत गेलं आणि शेवटी नऊ उरले, तर तिला नवाने भाग जातो. हे शाळेत शिकवतात. एमडींच्या गाडीच्या नंबराची बेरीज नऊ, फोनची नऊ. स्वामींनी इथेही मेहनतीने नऊच आणले होते. अशी मूळ संख्या असूच शकत नाही.

"मग हजार आकडी घेऊ."

"लाख आकडी घ्या. भाग जाणारच."

"बेरीज तीन? सहा?"

"तिनाने जातो."

"आठ?"

"आठ चालेल."

एमडींचा चेहरा पडला. आठ शनीचा. मग स्वामींना फोन झाला, आणि सूर्याचा एक ठरला. कॉफी येईपर्यंत सुमतीच्या प्रोग्रामने तशी संख्या शोधूनही दिली. मी तपासली. अस्सल मूळ संख्या. शुक्रवारी सुमती कायम झाली.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो, तर नवी संख्या रिसेप्शनमध्ये फ्रेम करून लावली होती. वर चंदन-कुंकू, मोगऱ्याचा हार. हार बेताचा होता. सोफ्यावर बसलेल्या कुरिअरवाल्यालाही तीनशेच्या तीनशे आकडे स्वच्छ वाचता येत होते.