पाचशे बारा एमबी आणि धाकटीचं पान

माझा स्वभाव मुळात काळजीखोर. बाहेर पडले की गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत येते. अशा बाईनं लोकांच्या वेबसाइटी सांभाळायच्या भानगडीत पडू नये. पण दोन हजार सालानंतर कोल्हापुरात ज्याला चार पानांची वेबसाइट करता येत होती त्याला काम शोधत फिरावं लागत नव्हतं, आणि मला ती येत होती. राजारामपुरीत एका झेरॉक्सच्या दुकानावरची खोली घेऊन मी दोन कॉम्प्युटर मांडले. एक दातांचे डॉक्टर, दोन फौंड्रीवाले, एक चांदीचे व्यापारी अशी गिऱ्हाइकं मिळत गेली.

सुरुवातीला सगळ्यांच्या साइट मी शेअर्ड जागेवर ठेवायची. म्हणजे एकाच मशीनवर शेकडो अनोळखी साइट कोंबलेल्या, आणि शेजारच्यानं दंगा केला की आपली साइट झोपली. पुढे व्हर्च्युअल सर्व्हर आवाक्यात आले. ते काय असतं हे मी वडिलांना इचलकरंजीच्या भाषेत समजावलं होतं. एका मोठ्या शेडमध्ये पत्रे मारून चार गाळे पाडतात, प्रत्येकाचे माग वेगळे, मीटर वेगळं. तसंच एका मोठ्या मशीनचे भाग पाडायचे आणि प्रत्येकाला त्याच्या वाट्याची मेमरी द्यायची. वडिलांचं सगळं आयुष्य मागावर गेलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं की गाळा केवढा घ्यायचा हे ठरवणार कोण? मी म्हटलं, मीच. "मग गेली तुझी झोप," ते म्हणाले, आणि परत पेपर वाचायला लागले.

त्यांचं खरं होतं. केवढा घ्यायचा याचं उत्तर कुठंच लिहिलेलं नसतं. मेमरी कमी घेतली तर गर्दीच्या वेळी सर्व्हर मान टाकणार. जास्त घेतली तर एरवी ती रिकामी पडणार आणि गिऱ्हाईक म्हणणार, बाईनं आम्हाला टोपी घातली. किती माणसं येतील असं विचारलं तर प्रत्येक जण छाती फुगवून सांगायचा, सगळं जग येईल. येत मात्र त्यांचे मेहुणे.

मोबाइल सगळ्यांच्या हातात होता पण त्यात इंटरनेट नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. आमचा, म्हणजे जिल्ह्यातल्या बौद्ध कुटुंबांचा, दर वर्षी वधू-वर मेळावा भरायचा. तो भरवणारे गुरुजी प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले, सायकलवरून हिंडणारे, वडिलांचे मित्र. मेळाव्याची पद्धत ठरलेली होती. मुलींनी आणि मुलांनी छातीवर नंबर टाचून स्टेजवर जायचं आणि माइकमध्ये नाव, शिक्षण, उंची, अपेक्षा सांगायची. मुलांना त्याचं काही वाटत नसे. नव्वदच्या दशकात मी स्वतः त्या स्टेजवर उभी राहिले होते. खालून कुणीतरी ओरडलं होतं, "जरा म्होरं या की, तोंड दिसंना." मी पुढे झाले. मला त्या माणसाचा राग येतोच, पण मुकाट्यानं पुढे झाले म्हणून माझा जास्त येतो.

आता माझ्या धाकट्या बहिणीची वेळ आली होती. ती माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. बी.एस्सी. झालेली, एका लॅबमध्ये रक्त तपासायची. हुशार, टापटीप, आणि घरात माझ्यापेक्षा तिखट. पण बोलताना अडखळते. आमच्यात बसली की फारसं जाणवत नाही. चार परकी माणसं समोर आली की पहिलं अक्षर अडकून बसतं, आणि सगळ्यात जास्त अडकतं ते तिचं स्वतःचं नाव. तिनं वडिलांना स्पष्ट सांगितलं होतं, स्टेज असेल तर मी फॉर्म भरणार नाही.

त्याच सुमाराला गुरुजी माझ्या खोलीचा जिना चढून आले. खुर्चीत टेकून आधी दम घेतला. मग म्हणाले, पोरींना असं उभं करायचं मला आता बघवत नाही, सगळी माहिती कॉम्प्युटरवर टाकता येईल का? लांबचे लोक सायबर कॅफेतून बघतील, हॉलमध्येही चार-पाच कॉम्प्युटर ठेवू, घरच्यांनी बसून बघावं, आवडलेला नंबर चिठ्ठीवर लिहून द्यावा, मग दोन्ही घरं टेबलावर भेटतील. कमिटीतले बाकीचे तयार नव्हते. त्यांची अट होती की यंत्र बंद पडलं तर त्याच मिनिटाला जुन्या पद्धतीनं, स्टेज आणि माइक.

"तू व्हय म्हण, मी त्यांना बघतो," गुरुजी म्हणाले.

मी हो म्हटलं. मनात गुरुजी नव्हते, समाज नव्हता. माझ्या डोळ्यांसमोर धाकटी माइकपुढे उभी होती आणि तिच्या तोंडातून नाव बाहेर येत नव्हतं. त्या दिवशी सर्व्हर बसला तर तिला तिथं उभं राहावं लागणार होतं, आणि ते माझ्यामुळे. तिनं फॉर्म भरला तो माझ्या शब्दावर.

मग मी गणित मांडलं. तीनशेच्या वर फॉर्म आले होते. एक फॉर्म म्हणजे एक घर, एका घराचं एक माणूस बघायला बसणार, त्यातले एका वेळी फार तर वीस-पंचवीस. मी दोनशे छप्पन एमबी मेमरीचा सर्व्हर घेतला. तीन वेळा गणित तपासलं. चौथ्यांदा तपासावंसं वाटलं, पण तसं मला कायमच वाटतं म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी साइट घरच्यांना बघायला उघडली. अकराच्या सुमाराला सर्व्हर बसला. मी तो पुन्हा सुरू केला, पाच मिनिटांत परत बसला. मग फोन सुरू झाले. पहिला राधानगरीहून. "जय भीम. तुमचं ते उघडंना की ओ बाई. सायबर कॅफेत तासाचं पैसं भरल्यात आम्ही." मी विचारलं, आपण मुलीचे वडील का? नाही, मामा. दुसरा फोन बिद्रीहून, तोही मामा. तिसरा इचलकरंजीचा मुलाचा मामा, पहिली पाळी सोडून आला होता. त्यानं आधीच पुण्याच्या मावशीला फोन करून सांगितलं होतं की तूही उघडून बघ. एक स्थळ आणि त्यापाठी सहा-सात माणसं, प्रत्येक जण वेगळ्या गावात वेगळ्या कॅफेत. त्यात भारनियमन. तालुक्यातली लाइट अकराला आली आणि सगळे कॅफे एकदम उघडले.

मी घरं मोजली होती, मामा मोजायचे राहिले होते. परदेशातल्या कुणी हिशेब चुकवला असता तर समजलं असतं. माझं स्वतःचं लग्न मामांनी होकार दिल्याशिवाय ठरलं नव्हतं, आणि मी मामांना विसरले.

पुढचे आठ दिवस मला धड जेवण गेलं नाही. सर्व्हर भाड्यानं देणाऱ्या कंपनीला लिहून मेमरी दुप्पट करून घेतली, पाचशे बारा. त्याहून जास्त हवी तर दुसऱ्या मशीनवर हलवावं लागेल आणि एखादा दिवस साइट बंद राहील, असं त्यांचं उत्तर आलं. तेवढी छाती माझी नव्हती. म्हणून पानंच हलकी करायला घेतली. स्टुडिओवाल्यांनी दिलेले अगडबंब फोटो बारीक केले. आणि मग एक नामी युक्ती सुचली. सुरुवातीच्या यादीत नुसते नंबर होते. माहिती बघायला प्रत्येकाचं पान उघडावं लागायचं. त्याऐवजी फॉर्ममधले सगळे रकाने मी यादीतच एका ओळीत आणले. वय, शिक्षण, उंची, नोकरी, गाव, सगळं. ज्याला जे नको ते ओळीतच वगळता येईल, फुकट पानं उघडली जाणार नाहीत, सर्व्हरवरचा भार निम्मा होईल. मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं. गुरुजींना दाखवलं तर तेही म्हणाले, हे झकास झालं.

मेळाव्याच्या दिवशी धाकटी हॉलवर आली नाही. मी तिला माझ्या खोलीत कॉम्प्युटरपुढे बसवलं. साडेदहा ते दीड अशी वेळ होती. तिला सांगितलं, दर दहा मिनिटांनी कुठलंही एक पान उघडून बघ. चालू असेल तर मला एक मिस्ड कॉल, अडकलं तर लागोपाठ दोन. बोलायची गरज नव्हती, म्हणून ती खुशीत होती.

हॉलमध्ये वंदना झाली, गुरुजी चार वाक्यं बोलले, आणि पाच कॉम्प्युटरांपुढे ही झुंबड उडाली. स्टेजवर कमिटीनं माइक मुद्दाम लावून ठेवला होता. मी भिंतीला टेकून फोन मुठीत धरून उभी. एक मिस्ड कॉल आला की दहा मिनिटांचा श्वास मिळायचा. साडेअकराला कॉल आला आणि पाठोपाठ दुसरा. बघितलं तर दुसरा दातांच्या डॉक्टरांचा होता. त्यांना मी त्या दिवशी जे उत्तर दिलं त्याची अजून लाज वाटते. बाराला एक कमिटीवाला माइकपाशी जाऊन "हॅलो हॅलो" करून आला, तेव्हा त्याला धरून खाली ओढावंसं वाटलं. पण सर्व्हर बसला नाही. मामांनी धडका मारल्या, मावश्यांनी मारल्या, तो चालत राहिला. दीड वाजता गुरुजींनी चिठ्ठ्यांचा डबा छातीशी धरला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. एकही मुलगी स्टेजवर चढली नव्हती. मी हॉलच्या मागं जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी सर्व्हरची मेळाव्याच्या दिवसाची नोंदवही उघडली. कुठलं पान किती वेळा उघडलं आणि कुठल्या कनेक्शनवरून, हे सर्व्हर आपोआप लिहून ठेवतो. काही मुलींची पानं दोन-दोनशे वेळा उघडली होती. मी धाकटीच्या नंबरापुढचा आकडा शोधला. अठरा. फार नव्हते, पण अठरा तर अठरा, तेवढ्यांत एखादं घर भेटेल असं म्हणत मी पुढचा रकाना बघितला. अठराही नोंदी एकाच कनेक्शनवरून होत्या, माझ्या खोलीच्या. दर दहा मिनिटांनी एक.

मी यादी उघडली आणि पहिल्यांदा एखाद्या मामाच्या नजरेनं वाचली. वय, शिक्षण, उंची, नोकरी, गाव. त्याच्यापुढे कमिटीच्या फॉर्मवरचा शेवटचा रकाना, शारीरिक व्यंग असल्यास. बाकी सगळ्यांनी तिथं रेघ मारली होती. धाकटीनं लिहिलं होतं, बोलताना अडखळते. पूर्वी मेळाव्याची छापील पुस्तिका निघायची, तिच्यात ही ओळ अगदी खाली यायची, फोटो बघून झाल्यावर. यादीत ती मी आणली होती, सर्व्हरवरचा भार कमी व्हावा म्हणून. तिच्या पानाचा भार खरंच शून्यावर आला होता.

संध्याकाळी ती लॅबमधून थेट खोलीवर आली. पर्स टेबलावर ठेवून तिनं विचारलं, किती? मला खरं सांगायचा धीर झाला नाही आणि खोटा आकडाही सुचला नाही. मी म्हटलं, अठरा.

"ते म-माझेच की, अक्का," ती म्हणाली.

मग मी बरंच काही बोलत सुटले. यादी, रकाना, मेमरी, माझीच चूक, गुरुजींना सांगून परत सगळ्यांना कळवू, पुढच्या वर्षी तो रकानाच काढून टाकू. ती ऐकत होती. तिनं मला पाणी आणून दिलं. म्हणाली की तो रकाना तिनंच भरला होता, आणि खरं तेच भरलं होतं.

"पुढल्या वर्षी मला स्टेजवर जायचंय," ती म्हणाली. "म-माझं नाव सांगून होईस्तोवर तरी ब-बसावं लागंल की लोकांना."

एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला. मी मधे तोंड घातलं नाही.