पुस्तकात नसलेला हॉल्ट

नाशिकच्या पॅसेंजर गाडीचा इतिहास सांगणारं एक गुळगुळीत पुस्तक काही वर्षांपूर्वी माझ्या हातात पडलं. रेल्वेवाल्यांनीच काढलेलं. इंजिनांचे फोटो, साहेबांचे फोटो, फीत कापणाऱ्या पाहुण्यांचे फोटो. आमच्या हॉल्टचं नाव कुठेही नाही. मी दोनदा पुस्तक चाळलं आणि माझं डोकं फिरलं.

नाशिकरोडच्या अलीकडे, आमच्या मळ्यांना लागून तो हॉल्ट होता. एक पत्र्याची शेड, एक बाक आणि कमिशनवर तिकिटं विकणारे एक म्हातारबाबा. सकाळच्या पॅसेंजरला तिथे नुसत्या बायका असायच्या. शेवंती, गुलछडी, झेंडू. पाट्यांवर ओली फडकी. गार्ड हिरवा झेंडा हातात धरून शेवटची पाटी डब्यात चढेपर्यंत थांबायचा. फुलबाजाराच्या कोपऱ्यावर माझ्या आईची बसायची जागा ठरलेली होती. गिऱ्हाईक तिचं, भाव तिचा, घरी परतायची वेळही तिची. आमच्या घरात दुसरं काहीच तिच्या मर्जीने होत नव्हतं.

या बायका कधी फुकट गेल्या नाहीत. उलट पास काढण्यात त्यांना भारी अभिमान. पासाच्या ओळखपत्राला फोटो लागतो, म्हणून आई देवळाली कॅम्पातल्या स्टुडिओत गेली, मिलिटरीवाल्यांच्या बायकांच्या रांगेत बसली आणि लग्नानंतरचा पहिला फोटो काढून आली. आमच्या हॉल्टवर पास मिळायचा नाही, तो नाशिकरोडच्या खिडकीवर काढावा लागे. सगळ्या तिथेच काढायच्या, आणि आपण किती सरळ वागतो याचं त्यांना समाधान वाटायचं. त्या सरळपणानंच त्यांचा घात केला.

नव्वदीच्या अखेरीस एका सकाळी गाडी थांबलीच नाही. शिट्टी मारत निघून गेली. बायका पाट्या घेऊन रुळाकडे बघत राहिल्या. कुणाला वाटलं ड्रायव्हर नवा आहे. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग कळलं, की हॉल्ट बंद झालाय आणि तशी सूचना नाशिकरोडच्या फलकावर लावलीय. गाडी जिथे थांबणार नाही तिथल्या माणसांना सांगायची गरज कुणाला वाटली नाही!

सगळ्या मिळून रेल्वेच्या ऑफिसात गेल्या. मी तेव्हा कॉलेजात होते, मीही गेले. साहेब म्हणाले, "तुमच्या हॉल्टवर प्रवासीच नाहीत. तिकिटं खपत नाहीत."

बायकांनी कनवटीचे पास काढून टेबलावर ठेवले. साहेबांनी त्यांना हातही लावला नाही. "ही विक्री नाशिकरोडची धरतात."

"मंग आम्ही काय नाशिकरोडला राहतो का, साहेब?" आईने विचारलं.

साहेब हसले. ते हसू मला अजून दिसतं आणि अजून अंगाची लाही होते. पासाची खिडकी तुम्ही इथे ठेवायची नाही, पास दुसरीकडे काढायला लावायचे आणि वर म्हणायचं, इथे माणसंच नाहीत.

पुढे आईने जीपने जाऊन पाहिलं. जीपवाला पाट्या टपावर टाकायचा, वाऱ्याने शेवंतीच्या पाकळ्या झडून जायच्या. एसटीचा कंडक्टर पाटी पाहिली की दारातूनच नको म्हणायचा. शेवटी व्यापाऱ्याचा टेम्पो मळ्यात यायला लागला. भाव तो सांगायचा, पैसे वडिलांच्या हातात द्यायचा. बाजारातली आईची जागा दुसऱ्या कुणीतरी घेतली. ती घरी बसली. "बरं झालं, दगदग वाचली," असं सगळे म्हणाले. तिला कुणी विचारलं नाही.

आता मी इंदिरानगरात राहते. आई आली तेव्हा ते पुस्तक तिच्यापुढे टाकलं आणि तोंडाला येईल ते बोलले. तिने चष्मा लावून त्यातला नकाशा शोधला, दोन स्टेशनांच्या मधल्या कोऱ्या रेघेवर बोट ठेवलं.

"माझा फोटो व्हता ना पासावर," ती म्हणाली, "तो तरी बघायचा व्हता त्या साहेबानं."

आणि मग माझी आई, जी हॉल्ट बंद झाला तेव्हा रडली नव्हती, ती त्या रेघेवरचं बोट न उचलता रडायला लागली.