दमलेली पावले

आज गवती चहा उकळताना ऐंशीच्या दशकातली मिशिगनमधली एक दुपार आठवली. माझा प्रयोग तिसऱ्यांदा फसला होता आणि पीएच.डी. सोडून परतण्याचे मी जवळपास ठरवले होते. प्रयोगशाळेतल्या थाई मैत्रिणीच्या आईने मला त्यांच्या घरी चटईवर झोपवले, गवती चहाच्या गरम पुरचुंडीने पाठ शेकली आणि माझी पावले हातात घेतली. मी दचकून पाय ओढले.

"आंटी, तुम्ही मोठ्या आहात. पायांना हात नको!"

"दमलेत तेच ना? आमचा मसाज तिथूनच सुरू होतो."

"पण याने नेमके काय होते?"

"आधी गप्प पड, सायंटिस्ट!"

त्यांचे अंगठे पोटऱ्यांपर्यंत पोहोचले आणि मला रडू फुटले. सवयीने मी कारण शोधले: दोन वर्षांत मला कोणी मायेने हात लावला नव्हता.

सोमवारी मी प्रयोग चौथ्यांदा मांडला.