कुलपात अडकलेले धवले

“एकपन फाइल उघडत न्हाय, बाय,” म्हणत मास्तरांनी चादरीत गुंडाळलेला सीपीयू माझ्या टेबलावर ठेवला. एसटीतून मांडीवर घेऊन आले होते.

अलिबागमध्ये माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मास्तर म्हणजे खारेपाटातल्या एका गावचे निवृत्त प्राथमिक शिक्षक, माझं जुनं गिऱ्हाईक. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मला फोन करतात आणि मी दर वेळी त्यांच्यावर ओरडते. त्या दिवशीही ओरडणारच होते. पण त्यांचा चेहरा बघितला आणि चादर सोडायला घेतली.

दुकानातल्या नेटपासून लांब ठेवून मशीन चालू केलं. स्क्रीनवर इंग्रजीत चिठ्ठी आली: तुमच्या सगळ्या फाइल्सना आम्ही कुलूप लावलं आहे, चावी हवी असेल तर पैसे पाठवा. आमच्या धंद्यात याला रॅन्समवेअर म्हणतात. यात फाइल चोरीला जात नाही, जागच्या जागीच असते. पण आतला मजकूर असा घुसळून टाकलेला असतो की चावीशिवाय त्याचा काही अर्थ लागत नाही.

“धवले?” मी विचारलं.

“सगले यातच व्हते.”

आगऱ्यांच्या लग्नात प्रत्येक विधीला धवला गायचा असतो आणि तो गाणारी बाई म्हणजे धवलारीण. मास्तरांची आय त्या टापूतली नावाजलेली धवलारीण होती. अक्षरओळख नाही, पण हळदीपासून सगळं लग्न तिला तोंडपाठ. मास्तर वर्षानुवर्षं छोटा रेकॉर्डर घेऊन तिच्या मागे फिरले. रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर चढवायचं, रेकॉर्डरचं कार्ड पुसायचं आणि पुढच्या लग्नाला तेच कार्ड वापरायचं, ही त्यांची पद्धत. आय गेल्या वर्षी गेली. येत्या रविवारी मास्तरांच्या लेकीची, रसिकाची, हळद होती. मांडवात स्पीकरवर आजीचे धवले लागणार, असं सगळ्या भावकीला सांगून झालं होतं.

“काय उघडलंत, मास्तर?”

“पार्सलचा मेल व्हता. पत्ता अपुरा हाय, पार्सल परत जातंय, सोबतचा लेबल उघडून पत्ता भरा. मी उघडला. कायच झाला न्हाय. म्हनून परत उघडला.”

त्या लेबलच्या नावात पीडीएफ असं लिहिलं होतं. पण फाइलच्या नावाला शेवटी एक शेपूट असतं, ती कसली फाइल आहे हे त्यावरून कळतं, आणि विंडोज ते शेपूट लपवून ठेवतं. इथे खरं शेपूट प्रोग्रामचं होतं. डब्यावर साखर लिहायचं आणि आत उंदराचं औषध भरायचं, तसा प्रकार.

“अनोळखी मेलमधलं काही उघडू नका, हे मी किती वेळा सांगितलंय?”

“अनोळखी कसा? आमचा पार्सल कधी पत्त्यावर आयलाय काय, सांग.”

त्यांच्या गावात घरांना नंबर नाहीत. देवळामागे, बांधाच्या अलीकडे, हाच पत्ता. कुरियरवाला नाक्यापर्यंत येतो, पत्ता सापडत नाही म्हणून मेसेज टाकतो आणि पार्सल मेडिकलवाल्याकडे ठेवून निघून जातो. चोराने खोटंच लिहिलं होतं, पण आमच्याकडे ते रोज खरं होतं.

“मागवलं काय होतं?”

मास्तर खाली बघत म्हणाले, “तू सांगलेली डबी.”

डबी म्हणजे बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. दिवाळीत मीच त्यांना दटावलं होतं की एवढा ठेवा एकाच मशीनमध्ये ठेवू नका, दुसरी कॉपी करा. बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात. इथे झोपा करायला सामान मागवलं, म्हणूनच बैल गेला.

मग सगळे उपाय करून बघितले. विंडोज स्वतःच्या काही जुन्या प्रती गुपचूप ठेवतं, त्या व्हायरसने सगळ्यात आधी पुसल्या होत्या. काही प्रकारच्या कुलपांच्या चाव्या नेटवर फुकट मिळतात, त्यात ही नव्हती. पुसलेलं परत आणणारं सॉफ्टवेअर दोन दिवस चालवलं. त्यातून चौथीच्या प्रश्नपत्रिका आल्या, कुणाच्या तरी निरोपसमारंभाचे अर्धे फोटो आले. आवाज एकही आला नाही.

“पैसे दिले तर?” मास्तरांनी फोनवर विचारलं.

“देऊनही चावी मिळेल असं नाही, मास्तर.”

“मी चिठ्ठीतल्या पत्त्यावर त्या चोरांना मेल केलेला, बाय. परत आयला. असा पत्ताच न्हाय म्हनतो.”

फोन ठेवला आणि मी दुकानाचं शटर अर्धं ओढून घेतलं. रडायचं होतं, रडले.

दुसऱ्या दिवशी रसिका आली. नवी मुंबईत नोकरी करते. तिने स्वतःचा फोन, मामाचा फोन, सगळं चाळलं होतं. “आजी मला बोललेली, शिकून घे गं,” ती म्हणाली. “मी बसलेपण दोन-तीनदा. मग पप्पाच बोलले, रेकॉर्ड हाय ना, कशाला एवढी मेहनत.”

हळदीला मी गेले. दोन म्हाताऱ्यांनी धवला धरला. दुसऱ्याच कडव्याला अडल्या, एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. एकीने पहिलं कडवं पुन्हा म्हटलं. तेही संपलं तेव्हा डीजेवाल्याने आपलं गाणं लावलं आणि पोरं नाचायला लागली. मास्तर मांडवात दिसले नाहीत. मागच्या दारी भांड्यांजवळ बसले होते.

लग्नानंतर नाक्यावरून पार्सल आलं. मास्तर कोरी डिस्क घेऊन दुकानात आले. आमच्याकडे रीत आहे, कुलूप लागलेल्या फाइल्स टाकायच्या नाहीत. कधी चोर पकडले जातात, चावी बाहेर येते. मी त्या सगळ्या फाइल्स नव्या डिस्कवर उतरवल्या आणि वर पट्टी चिकटवली.

“नाव काय लिहू?”

“आय लिव.”

“मास्तर, हे उघडेल असं मी सांगू शकत नाही.”

“मना ठाव हाय. पन आय आत हाय ना? फकस्त बोलत न्हाय.”

त्यांनी डिस्क रुमालात बांधली आणि एसटी पकडायला गेले.

गिऱ्हाइकांना मी अजूनही तेच सांगते. दोन प्रती ठेवा, त्यातली एक मशीनला न जोडता कपाटात. पार्सलची चौकशी मेलवरून नको, नाक्यावर जाऊन करा. आणि घरात कुणी गाणारं असेल, तर एक प्रत कुणाच्या तरी गळ्यात उतरू द्या. हे शेवटचं ऐकलं की गिऱ्हाईक हसतं आणि म्हणतं, “मॅडम, रेकॉर्ड आहे ना!”