माफी दिली, हक्क सोडला नाही

फुआतिनो हसली की रस्त्यापलीकडच्या दुकानातलं झोपलेलं कुत्रं उठून बसायचं. बेटावरच्या वाइलोलो गावच्या बायका चटया विणायला ज्या मोठ्या उघड्या घरात जमत, तिथे तिची जागा ठरलेली होती. समुद्राकडच्या खांबाजवळ, मांडी घालून, केवड्याची पात दातात धरून ती बसायची. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पण तिच्या हातची बारीक चटई ज्या लग्नात नाही, ते लग्न गावातले लोक लग्नात धरत नसत. एकेका चटईला दीड दीड वर्ष लागायचं. "माझी लेकरं उशिरा जन्मतात, पण रेशमी जन्मतात," ती म्हणायची, आणि कुत्रं उठून बसायचं.

त्या शनिवारी सकाळी ती वाळवलेल्या पातीचा भारा खांद्यावर घेऊन रस्त्याच्या कडेने येत होती. वळणावर एक डुकरीण पिल्लांसकट रस्त्यात आली. तिला चुकवायला गेलेली पिकअप रस्ता सोडून थेट फुआतिनोच्या अंगावर आली. गाडी चालवत होता शेजारच्या गावचा उएलेसे, प्राथमिक शाळेतला मास्तर. वय सव्वीस, आईचा एकुलता एक. डुकरीण वाचली, पिल्लं वाचली. फुआतिनो गटारात पडली आणि तिची उजवी मांडी मोडली.

दहा माणसं धावली. कुणी खांदे धरले, कुणी पाय धरले, आणि तिला उचलून त्याच पिकअपच्या मागच्या हौद्यात टाकलं. हाड मोडलेल्या माणसाला असं ओढू नये, पाय फळीला बांधावा, रुग्णवाहिका येईपर्यंत जागेवरच ठेवावं, हे त्या घटकेला कुणालाच सुचलं नाही. सगळ्यांना प्रेम तेवढं सुचलं. राजधानी आपियाच्या इस्पितळापर्यंतच्या तासाभराच्या रस्त्यावर प्रत्येक खड्डा तिला स्वतंत्रपणे भेटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा धाकटा भाऊ सेऊमालो वॉर्डात आला. तो घराण्याचा प्रमुख, म्हणजे मताई. गावच्या बैठकीत त्याचा शब्द जड होता, आणि बहिणीसमोर मात्र तो अजूनही धाकटाच होता.

"ताई, आज पहाटे काय झालं सांगू? सांगत नाही, करूनच दाखवतो," तो म्हणाला. त्याने शेजारच्या रिकाम्या खाटेवरची चादर ओढली, डोक्यावरून घेतली आणि वॉर्डाच्या मधोमध जमिनीवर बसला.

"मी उएलेसे. ही माझ्या बाजूला माझी आई ओफेइरा, हा मामा, हे आमचे सगळे. अंधारातच येऊन तुमच्या अंगणात बसलोय. डोक्यावर घरातली सगळ्यात चांगली चटई. तोंड दिसत नाही. हलायचं नाही, बोलायचं नाही. आत तुम्ही जागे झालात की मग हवं ते करा. मारा, दगड फेका, नाहीतर माफ करा."

"आणि तू काय केलंस?"

"मी? मी आधी बराच वेळ आतच बसून राहिलो. खरं सांगू, राग होता. मग उजाडलं, आणि चटईखाली त्या पोराचे खांदे हुंदक्यांनी हलताना दिसले. गेलो, आणि चटई उचलली." सेऊमालोने स्वतःच्या डोक्यावरची चादर वर उचलली, तर समोर परिचारिका उभी.

"मताई असाल तुमच्या गावात," ती म्हणाली. "इथे ती धुतलेली चादर आहे."

फुआतिनो हसली, मग कळवळली, आणि पुन्हा हसली. इफोंगा, म्हणजे चटईखाली बसून मागितलेली ही माफी, एकदा स्वीकारला म्हणजे विषय संपला. घराण्याने क्षमा केली. आता त्यावर पुन्हा बोट ठेवणं म्हणजे स्वतःच्याच तोंडाला काळं फासणं.

म्हणूनच सोमवारी हवालदार वही घेऊन आला तेव्हा ती खोटं बोलली.

"मावशी, गाडी कुणाची होती?"

"कसली गाडी? भारा जड होता. पाय घसरला, गटारात पडले."

"लोक काही वेगळं सांगतात."

"लोकांच्या मांड्या धड आहेत, त्यांना बोलायला वेळ आहे. पडले मी, तर सांगणार कोण?"

हवालदाराने लिहून घेतलं: पाय घसरून पडली. एका हाताने चटई उचलायची आणि दुसऱ्या हाताने बेडी घालायची, हे आपल्या घराण्यात झालेलं नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. तिला वाटलं, आपण मोठेपणा केला.

हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. पाच महिने झाले तरी उजवा गुडघा मुडपेना. आपल्याकडे खुर्चीवर बसून कुणाचं काय चालतं? माणसांकडे पाय पसरणं म्हणजे उघड अपमान. पसरावाच लागला तर त्यावर काहीतरी झाकून घ्यावं लागतं. विणायच्या घरात ती भिंतीला टेकून, झाकलेला पाय पुढे करून बसायची. दहा मिनिटांत पाठीत कळ यायची आणि पात हातातून सुटायची. एक दिवस ती गेलीच नाही. मग जाणंच बंद झालं. घरात ती खाटेवर बसू लागली, आणि रस्त्यापलीकडचं कुत्रं दिवसभर झोपू लागलं.

"मांडीत धातूची पट्टी घालून हाड सरळ करता येईल," डॉक्टर म्हणाले. "त्यानंतर चार महिने रोज व्यायाम. तेवढं झालं तर तुम्ही मांडी घालाल. नाही झालं तर मात्र पाय असाच राहील. खर्च मोठा आहे. गाडीचा अपघात असता तर भरपाईच्या कचेरीने केला असता."

फुआतिनोने पायावरचं पांघरूण सारखं केलं.

तिची भाची तिला ओढतच कचेरीत घेऊन गेली. टेबलामागे सापेता नावाची जाड चष्म्याची बाई होती. फुआतिनोने आधी खोटंच सांगायला सुरुवात केली, पण पाचव्या वाक्याला तिला रडू कोसळलं आणि खरं बाहेर पडलं.

सापेताने ऐकून घेतलं, आणि चष्मा काढला.

"काकू, तुम्ही पहिल्या नाहीत. या महिन्यातल्या तिसऱ्या आहात. तुम्हाला काय वाटलं, हे पैसे त्या पोराच्या खिशातून जातात?"

"मग कुणाच्या?"

"तुमच्या. माझ्या. रस्त्यावर जी गाडी पेट्रोल भरते, ती प्रत्येक वेळी चार नाणी या पेटीत टाकते. तुम्ही आयुष्यभर बसचं भाडं दिलंत, त्यातून टाकलीत. चूक कुणाची हे आम्ही विचारत नाही. माफी तुमच्या अंगणात झाली, ती खरी आहे, ती तशीच राहू दे. पण दवाखाना हा तुमचा हक्क आहे. एकाने दुसरा मिटत नाही."

"मग द्या की."

"कशावर देऊ? पोलिसांच्या वहीत तुम्ही पाय घसरून पडला आहात." सापेताने कागद पुढे केला. "अर्जाची मुदत संपायला सहा आठवडे आहेत. आधी जबानी दुरुस्त करा. आणि गाडी चालवणाऱ्याने स्वतः येऊन सांगायला हवं. नाहीतर पहिली जबानीच खरी धरली जाईल."

घरी आल्यावर सेऊमालोने सगळं ऐकलं आणि तो उठून उभा राहिला.

"चटई उचलली मी, ताई. सगळ्या गावासमोर. आता त्या पोराला सांगू की चल, पोलिसांत चल? माझ्या शब्दाला काय किंमत राहील?"

"तुझ्या शब्दाला किंमत आहे, आणि माझ्या गुडघ्याला नाही?"

"तसं नाही म्हटलं मी."

"म्हटलंस. आवाज चढवून म्हटलंस." ती खाटेवरच सरळ झाली. "लहानपणापासून ऐकते, बहीण म्हणजे भावाच्या डोळ्यातली बाहुली. मग डोळ्यात कुसळ गेलं तर काढतात की मिटून बसतात?"

सेऊमालो खाटेच्या कडेला बसला. मग हळूच म्हणाला, "मी जातो त्यांच्याकडे."

"तू गेलास तर ते मताईचं फर्मान होईल. पाय माझा मोडलाय, मीच जाते. तू फक्त बसच्या पायऱ्यांवर हात दे."

उएलेसेच्या आईने, ओफेइराने, फुआतिनोला दारात पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तिने पानिपोपोची ताटली पुढे ठेवली, नारळाच्या दुधातले गरम पाव.

"बाई, आम्ही सगळं दिलं. चटया दिल्या, डुक्कर दिलं. अजून काय?"

"अजून काहीच नको. भांडायला नाही आले. तुझा मुलगा कुठाय?"

उएलेसे आतून आला आणि अंतर राखून जमिनीवर बसला. फुआतिनोने घडलं ते सगळं सांगितलं: पोलिसांशी खोटं बोलले, त्यामुळे भरपाईचं दार बंद झालं, आणि ते उघडणं त्याच्याच हातात आहे. "तुला दंड होईल. कदाचित परवानाही जाईल काही दिवस. मला ठाऊक आहे. नको म्हणालास तर मी उठून जाईन, आणि चर्चमध्ये तुझ्याकडे बघून पूर्वीसारखीच हसेन."

"काकी," तो म्हणाला. "तुम्ही गटारात पडल्या होतात, आणि हवालदार मला म्हणाला, बाई म्हणते ती घसरली, जा तू घरी. तेव्हापासून मी रात्री नीट झोपलो नाहीये. मुलांना शाळेत शिकवतो की खरं बोला. माझ्याच आवाजाची मला लाज वाटते."

"वेडा आहेस का!" आई म्हणाली. "नोकरी गेली तर?"

"आई, चटईखाली बसलो होतो तेव्हा वाटलं होतं, हे मारतील. कुणी मारलं नाही. तेव्हापासून वाट बघतोय की कुणीतरी काहीतरी मागावं." तो उभा राहिला. "उद्या नाही. आत्ताच जाऊ."

"आधी पाव खा," फुआतिनो म्हणाली. "माझा गुडघा पाच महिने थांबला आहे, आणखी थोडा थांबेल."

हवालदाराने दोघांना शेजारी बसलेलं पाहिलं आणि काही न विचारता नवं पान काढलं. "तेव्हाच सांगितलं असतं तर?" इतकंच म्हणाला. त्या दिवशीच्या गर्दीतल्या दोघांनी येऊन साक्ष दिली. इस्पितळातले पहिल्या दिवशीचे कागद निघाले. त्यात डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं: मांडीवर गाडीच्या बंपरच्या उंचीवर मार. कोर्टात न्यायाधीशांनी इफोंगाची नोंद घेतली आणि उएलेसेला दंड करून सोडलं. नोकरी राहिली. परवाना तीन महिने गेला. तेवढे दिवस मास्तर पायी शाळेत जायचे आणि मुलं त्यांच्या मागे रांगेत चालायची.

मंजुरीचं पत्र मंगळवारी आलं. सेऊमालोने ते मोठ्याने वाचलं, मग पुन्हा वाचलं. मध्येच त्याने डोळे पुसले.

"रडतोस काय रे? मताई आहेस ना?"

"डोळ्यात कुसळ गेलंय," तो म्हणाला, आणि दोघं इतकं हसली की रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून बसलं.

शस्त्रक्रिया झाली. चार महिने रोज सकाळी भाची तिचा गुडघा मुडपायची, आणि फुआतिनो तिला अशा शिव्या द्यायची की पाद्रीबाबा वाट बदलून जायचे. कुणाचंही वाहन कुणाला घासलं की लोक आता आधी तिच्या दारात येतात. ती एवढंच सांगते: जखमी माणसाला ओढू नका, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, पोलिसांना खरं सांगा, कागद जपून ठेवा. माफीचं काय करायचं ते मग निवांत ठरवा.

विणायच्या घरात ती परतली तेव्हा बायकांनी कामं खाली ठेवली. ती खांबाजवळ गेली, हात टेकला, डावा पाय दुमडला, मग उजवा. तो हळूहळू खाली आला आणि जमिनीला टेकला. सगळ्या तिच्या गुडघ्याकडे बघत राहिल्या.

"काय बघताय?" फुआतिनो म्हणाली. "वर्षभर पात वाळत पडलीय. एक जण इकडे सरका, आणि कुणीतरी मला पाणी द्या. मी आता दुपारपर्यंत उठणार नाहीये."